गुरेझ : बर्फाखालचे मासे

बांदीपोऱ्याहून गुरेझला जाणारा रस्ता राझदान खिंडीवरून जातो. खिंडीची उंची साडेअकरा हजार फुटांच्या वर. तिथे बर्फ साठलं की रस्ता बंद, आणि मग खोऱ्यातली माणसं, जनावरं, पलटणी सगळे आतल्या आत. आम्ही होतो त्या वर्षी रस्ता चार महिन्यांहून जास्त बंद होता. हेलिकॉप्टर यायचं, पण हवामान बरं असेल त्या दिवशी, आणि त्यात आजारी माणूस, औषधं, टपाल यांना आधी जागा. बाकी सगळं बर्फ पडायच्या आत भरून ठेवायचं. पीठ, तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, रॉकेल आणि उरलेलं सगळं डब्यातलं. याला आम्ही विंटर स्टॉकिंग म्हणतो. फेब्रुवारी येईपर्यंत अशी अवस्था होते की लंगरमधून डबा उघडल्याचा आवाज आला तरी भूक मरते.

माझा एक शाळासोबती कॅनडात, ऑन्टॅरिओत असतो. गुरेझचे फोटो पाहून त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे एवढं बर्फ आणि खाली ट्राउट. भोक पाडून मासे पकडलेस की नाही?"

उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण त्या 'नाही'च्या मागे एक अख्खा फेब्रुवारी आणि मार्च आहे, म्हणून लिहायला बसलो. पोस्टचं नाव, नाल्याचं नाव, माणसांची संख्या यातलं काही लिहीत नाही. ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

आधी मित्राची बाजू. त्याच्याकडे तळी गोठतात. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे गोठलेल्या तळ्यात वर बर्फ, त्याच्या खाली शून्याच्या जवळचं पाणी आणि तळाशी चार अंशांच्या आसपासचं, त्यातल्या त्यात उबदार पाणी असे थर बसतात. मासे त्या थरांत आपापली जागा धरून असतात. मित्र ऑगर नावाच्या मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो, स्टुलावर बसतो आणि हातभर लांबीच्या काठीने आमिष खाली सोडून वरखाली हलवत राहतो. लेक ट्राउट हवा असेल तर खोल पाण्यात, तळाजवळ. ब्रुक ट्राउट हवा असेल तर काठाजवळच्या उथळ पाण्यात. रेनबो पुष्कळदा बर्फाच्या अगदी खाली, वरच्या थरात फिरतो. ब्राउन ट्राउट लाजरा. पहाटे नाहीतर दिवस मावळताना, उजेड कमी असताना तो बाहेर पडतो. गंमत म्हणजे यातले लेक आणि ब्रुक हे नावाने ट्राउट असले तरी शास्त्राच्या हिशेबाने त्यांची प्रजाती वेगळी आहे. नावं माणसं ठेवतात, मासे ती पाळत नाहीत.

काश्मीरमध्ये ट्राउट असलेली तळी आहेत. हरमुखच्या पायथ्याचं गंगबल, त्याच रांगेतली विशनसर आणि किशनसर. पण ही तळी साडेअकरा-बारा हजार फुटांवर. हिवाळ्यात तिथे जायचं म्हणजे हिमस्खलनाच्या वाटेने जायचं. कुणी मासे पकडायला तिकडे जात नाही. आमच्यासमोर होता तो नाला, वरच्या पहाडातून उतरून किशनगंगेला मिळणारा. आणि वाहत्या पाण्याचं गणित वेगळं असतं. खळखळाटात सगळं पाणी घुसळलं जातं, थर बसत नाहीत, बर्फाखालचं पाणी वरपासून तळापर्यंत शून्याच्या जवळच राहतं. मग मासे दोनच ठिकाणं शोधतात. एक, संथ आणि खोल डोह, जिथे प्रवाहाशी झुंजावं लागत नाही. दुसरं, जमिनीतून झरा वर येतो ती जागा. झऱ्याचं पाणी हिवाळ्यात नाल्याच्या पाण्यापेक्षा उबदार असतं.

आमचा वॉटर पॉइंट अशाच एका डोहावर होता. रोज सकाळी चार-पाच जणांची फटीग पार्टी पहार आणि कुदळ घेऊन खाली उतरायची, रात्रीत गोठलेलं भोक पुन्हा फोडायची आणि जेरिकॅन भरून वर आणायची. बर्फ वितळवूनही पाणी मिळतं, पण त्याला रॉकेल लागतं, आणि रॉकेल मोजून असतं. म्हणून ते भोक आमच्या दृष्टीने महत्त्वाचं.

त्या पार्टीत एक पोरगा होता, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. नोकरीला दुसरं वर्ष, बर्फातला पहिला हिवाळा. घरी होडी, जाळी, पिढीजात मासेमारी. बोलायचा कमी. जानेवारीत तर तो इतका गप्प झाला होता की मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. बर्फात पहिल्यांदा आलेल्या माणसाचं गप्प होणं आम्ही हलक्यात घेत नाही. तो एक दिवस पाणी आणून वर आला आणि आपणहून माझ्या बंकरच्या दारात उभा राहिला.

"साहेब, भोकात मासे येतायत."

"मग?"

"गरवू काय?"

गरवणं म्हणजे गरीने, गळाने मासा धरणं. हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं, तेही मी पाहिलं. त्याने काठी तयारच ठेवली होती. वीरीची, म्हणजे विलोची सरळ डहाळी, शिवणकामाचा जाड दोरा आणि सेफ्टी पिन वाकवून केलेली गरी.

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याला सांगितलं, पाणी भरताना रोज बघ. कोणता मासा, किती, कुठे असतो, ते मला येऊन सांग. मी त्या वेळी नायब सुभेदार होतो. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. पहिली, हिवाळ्यात ट्राउट धरायला बंदी असते, आणि एरवीही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. दुसरी गोष्ट बर्फाची. पाणी भरायला माणूस पाच मिनिटं बर्फावर उभा राहतो. मासे धरायला तासभर बसतो, त्याला बघायला आणखी चार जण जमतात.

पोराने सांगितलेलं काम मन लावून केलं. आठवड्याभरात त्याने मला दोन मासे वर्णन करून सांगितले. एक पिवळसर तपकिरी, अंगावर काळे ठिपके आणि मधेमधे तांबडे, तांबड्या ठिपक्याभोवती फिकं कडं. पाठीवर शेपटीजवळ मांसाचा एक बारीक कोंब. हा ब्राउन ट्राउट. दुसरा राखाडी-रुपेरी, लांबट, बारीक खवल्यांचा, पाठीवर तो कोंब नाही, आणि तोंड खालच्या बाजूला. "हा दगड चाटतो साहेब," तो म्हणाला. बरोबर होतं. त्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउट नाहीच. तो आपल्या रोहू-कटल्याच्या मोठ्या कुळातला, शायझोथोरॅक्स. खालच्या कडक ओठाने दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. या पाण्याचा मूळ रहिवासी तो. ब्राउन ट्राउट पाहुणा.

पाहुणा किती जुना? १८९९ साली ट्राउटची अंडी विलायतेहून काश्मीरला आणायचा पहिला प्रयत्न झाला, ती अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जगली. श्रीनगरला गालिचांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल नावाचा गृहस्थ या कामाच्या मागे होता. पुढे हारवनला अंडी उबवण्याचं केंद्र झालं आणि तिथून ब्राउन ट्राउट काश्मीरच्या नद्या-नाल्यांत सोडला गेला. रेनबो त्यानंतर बारा-एक वर्षांनी आला. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. अंगावर गुलाबी पट्टा, शेपटीवरसुद्धा काळे ठिपके. कोकरनागच्या फार्ममध्ये हौदांतून तो हजारोंनी दिसतो, श्रीनगरच्या हॉटेलांत ताटात येतो तोही बहुतेक तोच. वाहत्या नाल्यांत मात्र राज्य ब्राउनचं.

मासे दिसल्याची बातमी पोस्टवर पसरायला वेळ लागला नाही. महिनाअखेरीला आमचा बडाखाना होता. लंगर कमांडरने हिशेब मांडला की आठ-दहा मासे मिळाले तरी प्रत्येकाच्या ताटात तुकडा येईल. एक जुना हवालदार म्हणाला, "साहेब, इथे बघायला कोण येतंय? दहा माशांनी नाला रिकामा होतो काय?" त्याचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. तीन महिने डबे खाल्लेल्या माणसाने असं म्हणू नये तर काय म्हणावं? मी कंपनी कमांडर साहेबांना फोनवर विचारलं. उत्तर अपेक्षित होतं, बंदीच्या काळात मासेमारी नाही. आदेश आला, विषय संपला. पण पलटणीत असलेल्यांना माहीत आहे, आदेशाने हात थांबतात, तोंड आणि मन थांबत नाही. त्या पोराची काठी त्याच्या खाटेखाली तशीच होती.

आमच्याकडे खालच्या गावातले एक चाचा यायचे. उन्हाळ्यात फौजेसाठी पोर्टरचं काम केलेले, सत्तरीला टेकलेले, दार्द-शीन लोकांपैकी. घरात शिना बोलत, आमच्याशी उर्दूत. हिवाळ्यात कुणाच्या तरी औषधासाठी वर आले की आमच्या बुखारीजवळ बसून चहा घ्यायचे. त्यांच्यासमोर माशांचा विषय निघाला. चाचा हसले आणि म्हणाले, "अभी नहीं साब. नाला अभी उम्मीद से है."

उर्दूत बाईला दिवस गेले की ती 'उम्मीद से' आहे असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. चाचा, मी, तो पोरगा आणि आणखी एक जण डोहाच्या वरच्या अंगाला दोनेकशे पावलं गेलो. तिथे काठातून झरा येतो आणि नाल्याचा एक पट्टा अख्खा हिवाळा गोठत नाही. गुडघाभर पाणी, खाली सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे खडे, स्वच्छ. चाचांनी काठीने पाण्यावरूनच जागा दाखवल्या. काठी पाण्यात घातली नाही. बर्फ पडायच्या सुमाराला ब्राउनची मादी इथे येते. कुशीवर वळून शेपटीने खडे उडवते, खळगा करते, त्यात अंडी घालते, नर त्यावर फिरतो, मग ती वरच्या बाजूचे खडे उडवून खळगा झाकते. त्या वेळी ते खडे धुतल्यासारखे पांढरे दिसतात. आता रंग मावळलाय, पण अंडी खाली आहेत, असं चाचा म्हणाले.

हे मी नंतर वाचून पडताळलं. ब्राउन ट्राउटच्या अंड्यांचा काळ पाण्याच्या तापमानावर असतो. पाणी दहा अंशांचं असेल तर साधारण ४० दिवसांत पिल्लू बाहेर. साडेचार अंशांना १०० दिवस. दोन अंशांच्या खाली गेलं तर पाच महिने. म्हणजे नोव्हेंबरात घातलेलं अंडं फेब्रुवारीअखेर खड्यांतच असतं, किंवा नुकतं फुटून पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन खड्यांच्या फटीत बसलेलं असतं. त्याला पोहता येत नाही. वरून एक बूट पडला तर तिथेच संपलं. रेनबोचं उलट, त्याचा अंडी घालायचा काळ हिवाळा सरताना आणि वसंतात, म्हणजे याच दिवसांत त्याच्या मादीच्या पोटात गाबोळी भरलेली. आणि तो दगड चाटणारा मूळ रहिवासी, त्याची वेळ बर्फ वितळल्यावर. हिवाळ्याच्या शेवटी बर्फाखाली आपल्याला दोन-चार मासे दिसतात. खरं म्हणजे तिथे पुढच्या वर्षाचा सगळा नाला असतो. एकाचा खड्यांत, एकाचा पोटात, एकाचा अजून यायचा.

पोरगा बराच वेळ त्या खड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमची पावसाळी बंदीच की ही."

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. सरकारी आदेश यायच्या कितीतरी आधीपासून होड्या पावसाळ्यात वर ओढून ठेवायची रीत आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच पुन्हा पाण्यात जायचं. मी चाचांना हे उर्दूत जमेल तसं सांगितलं. नारळ म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. ते पोराला म्हणाले, "तो फिर तू समझता है." त्या संध्याकाळी खाटेखालची काठी बुखारी पेटवायला गेली. मी काही बोललो नव्हतो.

मासे धरायचे नाहीत हे ठरलं, पण बघणं त्याने सोडलं नाही. रोज भोकाशी पालथा पडून डोळ्यांभोवती हात धरून खाली बघायचा. इतर लोक हसायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पार्टी खाली गेली आणि पाणी न घेता परत आली. पोराने सगळ्यांना काठावरच थांबवलं होतं. माझ्यासमोर येऊन त्याने सांगितलं, तीन दिवस झाले, डोहातले मासे गेलेत. आणि भोकात पाणी खाली गेलंय. आधी बर्फाच्या बुडाला टेकून असायचं, आता वीतभर अंतर आहे. मधे पोकळी.

मी स्वतः गेलो. पहार घेऊन काठापासून ठोकत निघालो. काठाजवळ ठक् ठक् असा भरीव आवाज. डोहाच्या दिशेने चार पावलं पुढे सरकल्यावर आवाज बदलला, ढब् ढब्. बाजारात नारळ वाजवून बघतो तसा. मी तिथूनच मागे फिरलो.

याचं कारण साधं आहे. पहाडातले नाले हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत कमी वाहतात, कारण वर सगळं गोठलेलं असतं. डोह गोठला तेव्हा पाणी उंच होतं, बर्फ त्यावर तरंगत होता, आपला भार पाण्यावर टाकून होता. मग पाणी खाली गेलं आणि बर्फ दोन काठांच्या आधाराने छतासारखा अधांतरी राहिला. त्यात मार्चचं ऊन. मित्राच्या मुलुखात सांगतात की तळ्यावर चार इंच स्वच्छ, काचेसारखा बर्फ असेल तर एका माणसाला चालायला पुरे. बर्फ पांढरा, भुसभुशीत असेल तर जाडी दुप्पट हवी. पण हा नियम खाली पाणी टेकलेल्या बर्फाचा. आमच्या भोकाच्या कडेला जाडी सहा इंच होती, त्यामुळे ती मोजून कुणालाही वाटलं असतं की सगळं ठीक आहे.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी तोफ उडावी तसा आवाज झाला. डोहावरचं छत मधोमध बसलं होतं. रोज जिथे जेरिकॅन ठेवायचे ती जागा खाली काळ्या पाण्यात होती. बघायला गेलेली माणसं काठावर काही न बोलता उभी राहिली. त्या जुन्या हवालदाराने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

आता पाण्याचा प्रश्न. डोह गेला, खाली किशनगंगेपर्यंत उतरणं हिमस्खलनाच्या पट्ट्यातून. सोयीची जागा एकच, ती झऱ्याची, न गोठणारी, गुडघाभर पाण्याची. गमबूट घालून आत शिरायचं आणि जेरिकॅन आडवा करून भरायचा, इतकं सोपं. फक्त ते खडे त्या जागी होते.

इथे मात्र आदेश नव्हता. मासे धरू नका असा नियम आहे, पाण्यात पाय ठेवू नका असा नाही. आणि माणसांना पाणी हवंच. पोराने एक उपाय सुचवला. आमच्याकडे बंकर दुरुस्तीसाठी ठेवलेले देवदारचे दोन ओंडके होते. ते काठावरून पाण्यावर पुढे काढायचे, मागच्या टोकावर दगड रचून दाबायचे, वर फळ्या ठोकायच्या. खाडीवर धक्का असतो तसा छोटा धक्का. माणूस फळीवर उभा राहून दोरीने जेरिकॅन सोडेल, पाण्यात उतरणार नाही. यासाठी ओंडके दोनशे पावलं बर्फातून ओढायचे, तेही दुपारनंतर, ड्युटी संपवून आलेल्या माणसांनी. मी सांगितलं, हे फटीगमध्ये धरणार नाही, ज्याला यायचं त्याने यावं. मला वाटलं होतं तीन-चार जण येतील. पहिला आला तो जुना हवालदार. मग लंगर कमांडर आला, चहाची किटली घेऊन. वाटेत त्याने सगळ्यांना ऐकवलं की आपल्या आयुष्यात आपण माशांसाठी पूल बांधू असं वाटलं नव्हतं. काम दोन दुपारांत झालं.

चाचा पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांना तो धक्का दाखवला. त्यांनी फळीवर उभं राहून खाली पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. पण त्यानंतर गावातून आमच्यासाठी अक्रोड आणि वाळवलेली भाजी येऊ लागली. सीमेवरच्या गावात फौजेबद्दल लोक काय बोलतात ते मोठ्या गोष्टींपेक्षा अशा लहान गोष्टींवर ठरतं, हे मी नोकरीच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी पाहिलं. आम्ही दोन वर्षांनी निघून जाणार. नाला त्यांचा आहे.

एप्रिलच्या शेवटी बर्फ काठांवरच उरलं होतं. पोरगा एका सकाळी मला धक्क्यावर घेऊन गेला. काठाच्या अगदी उथळ, संथ पाण्यात, आमच्या ओंडक्याच्या सावलीत काहीतरी थरथरत होतं. नीट पाहिलं तर इंचभर लांबीची पिल्लं, अंगावर बोटांच्या ठशांसारखे गडद पट्टे. एक धरून दुसरं दिसेपर्यंत पहिलं कुठे गेलं कळत नव्हतं. त्याने मोजायचा प्रयत्न केला, साठपर्यंत आला आणि सोडून दिलं. ही सगळी जगत नाहीत. मोठे ट्राउटच त्यातली पुष्कळ खातात, आणि त्या मूळ रहिवाशाचीही पिल्लं खातात. पाहुण्याने यजमानाचं घर बऱ्यापैकी बळकावलंय, ही गोष्टही खरी आहे. ते भांडण मिटवणं आमच्या हातात नव्हतं. तिथे बूट न टाकणं तेवढं होतं.

रस्ता उघडला, मोसम सुरू झाला, तेव्हा रीतसर परवाना काढून आणि कुठल्या पट्ट्यात धरायला परवानगी आहे ते विचारून घेऊन आम्ही एका रविवारी गेलो. काठी चाचांच्या नातवाची. नातवाने दोन ब्राउन धरले, आमच्या पोराला दिवसभरात एक मिळाला. समुद्रावर वाढलेल्या माणसाला नाल्यातल्या माशाने पुष्कळ नाचवलं. त्याच्याकडे घरून आलेली आमसुलं होती. लंगरमध्ये त्याने स्वतः उभं राहून तिखट, हळद, लसूण आणि आमसुलं घालून कालवण केलं. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन घास आले.

सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण मासा त्यालाच कळतो. त्याने घास खाल्ला, विचार केला आणि प्रामाणिकपणे निकाल दिला.

"बरा आहे साहेब. पण बांगड्याची सर नाय."